मखमलीचे गुण आणि तिची निगा

मराठी माणसाच्या बोलण्यांत मखमल वारंवार येते. पहिल्या पावसानंतर माळावर उगवलेल्या हिरवळीला आपण मखमलीची उपमा देतों. मृगाच्या सरी पडल्यावर ओल्या मातींतून वर येणारा तो इवलासा तांबडालाल जीव, ज्याला संस्कृत कवींनीं इंद्रगोप म्हटलें आणि आपण मृगाचा किडा म्हणतों, त्यानें मखमल पांघरली आहे असें लहान मुलालाही वाटतें. गवयाचा आवाज मखमली असतो, पाहुण्यांच्या पायांखालीं मखमली पायघड्या घातल्या जातात. ज्या वस्त्रानें भाषेला एवढें उसनें दिलें, त्याच्याविषयीं आपली माहिती मात्र बहुधा इतकीच असते, कीं तें महाग असतें, मऊ असतें, आणि एकदां बिघडलें म्हणजे सुधारत नाहीं. यांपैकीं पहिलें विधान आतां पूर्वीइतकें खरें राहिलेलें नाहीं, दुसरें खरें आहे आणि तिसरें अर्धेंच खरें आहे. तें कसें, हें आज पाहूं.

हा विषय बोलण्याजोगा वाटण्याचें कारण साधें आहे. पुष्कळ घरांत एखादी तरी मखमली वस्तु असते. कोठें आजीचें पोलकें, कोठें बारशाची कुंची, कोठें भरजरी टोपी, कोठें दागिन्यांच्या डब्याचें अस्तर, तर कोठें अलीकडे घेतलेले उशांचे अभ्रे. या वस्तु वापरून झिजतात असें क्वचितच घडतें. त्या नाश पावतात त्या एखाद्या दुपारीं, स्वच्छतेच्या उत्साहांत, पांच मिनिटांच्या आंत. आणि नाश करणारा हात बहुधा प्रेमाचाच असतो. म्हणून मखमलीची रचना आधीं समजून घेतली पाहिजे. रचना समजली कीं निगेचे नियम पाठ करावे लागत नाहींत. ते आपोआप सुचतात.

प्रथम नांवाकडे पाहूं. मखमल हा शब्द आपल्याकडे फारसींतून आला व फारसींत तो अरबींतून आला. मूळ अरबी शब्दाचा अर्थ 'लव असलेलें'. इंग्रजांच्या 'व्हेल्व्हेट' या शब्दाचें मूळही लॅटिनमधील केंस किंवा लव या अर्थाच्या शब्दांतच आहे. दोन निरनिराळ्या संस्कृतींनीं या वस्त्राला एकाच गुणावरून नांव दिलें, आणि तें योग्यच दिलें. कारण मखमलीचें सर्वस्व म्हणजे तिची लव होय.

कोणत्याही साध्या कापडांत दोन प्रकारचे धागे असतात. उभ्या धाग्यांस ताणा म्हणतात, आडव्यांस बाणा म्हणतात. मखमलीला याशिवाय उभ्या धाग्यांचा आणखी एक संच लागतो. हातमागावर विणकर कांहीं आडवे धागे घालून झाल्यावर या जादा उभ्या धाग्यांखालून एक बारीक सळई आडवी सरकवतो. त्या सळईवरून जातांना प्रत्येक जादा धागा कमानीसारखा उचलला जातो. मग पुन्हां आडवे धागे घालून ती कमान तळांत पक्की करतात. सळईच्या माथ्यावर एक खांच असते. त्या खांचेंतून धारदार पातें एका कांठापासून दुसऱ्या कांठापर्यंत ओढलें, कीं सगळ्या कमानी मधोमध कापल्या जातात व प्रत्येक कमानीचे दोन शेंडे ताठ उभे राहतात. अशा हजारों शेंड्यांची जी दाट रांग, तीच लव. कमानी न कापतां तशाच ठेवल्या तर न कापलेली मखमल होते, आणि कांहीं कापून कांहीं ठेवल्या तर एकाच रंगांत नक्षी उमटते.

हें काम किती सावकाशीचें असेल याची कल्पना आपण करूं शकतों. लवेचा धागा तळाच्या धाग्यापेक्षां कित्येक पट लांब लागतो, आणि एक सळई चुकली तर आडवा चरा कायमचा दिसतो. व्हेनिस शहरांत आजही जुन्या हातमागांवर मखमल विणली जाते, आणि नक्षीदार मखमल दिवसभराच्या श्रमानें जेमतेम फूटभर पुढें सरकते. यंत्रमागानें ही अडचण मोठ्या युक्तीनें सोडविली. यंत्रावर दोन तळ एकमेकांसमोर थोडें अंतर ठेवून एकाच वेळीं विणले जातात, लवेचे धागे या तळांतून त्या तळांत येरझारा घालतात, आणि दोहोंच्या मधून सुरी फिरते. एका घावांत मखमलीचे दोन तागे तयार होतात. मखमल स्वस्त झाली ती या युक्तीमुळें, आणि पुढें स्वस्त धागे निघाल्यामुळें.

परंतु अनेक शतकें ती राजेरजवाड्यांचीच होती. इटलींतील लुक्का हें रेशमी विणकामाचें मोठें केंद्र होतें. १३१४ सालीं त्या शहराची लूट झाली. तेथील कारागीर व्हेनिस, फ्लॉरेन्स आदि शहरांत पांगले, आणि त्यांच्याबरोबर विद्याही पांगली. पुढें जेनोव्हाची मखमल सर्व युरोपांत नांवाजली गेली. तुर्कस्थानांत बुर्सा आणि इराणांत काशान व यझ्द हीं गांवें या वस्त्राकरितां प्रसिद्ध होतीं. आपल्याकडे अबुल फजलनें आईन-इ-अकबरींत कापडांची जी यादी दिली आहे, तींत युरोप, काशान, हेरात येथील मखमलीबरोबर गुजरात व लाहोर येथील मखमलीचीही नोंद आहे. इंग्लंडांत १५७४ सालीं एलिझाबेथ राणीनें काढलेल्या जाहीरनाम्यांत कोणत्या दर्जाच्या माणसानें मखमल अंगावर घालावी याचे निर्बंध घातले होते. आज तीच मखमल बाजारांत मीटरवर मिळते, आणि कोणी कोणाची परवानगी विचारीत नाहीं. हा बदल चांगलाच झाला; मात्र दुर्मिळपणाबरोबर ती जपण्याची शिकवणही घरांतून गेली.

आतां मखमलीच्या गुणांकडे वळूं. तिचा सर्वांत मोठा गुण म्हणजे रंगाची खोली. तिचें रहस्य समजण्यासाठीं ज्वारीचें उभें पीक डोळ्यांपुढें आणा. वाऱ्याची झुळूक आली कीं शेतावर फिकट आणि गडद लाटा धांवतात. ताटांचा रंग बदलत नाहीं. तीं कोणत्या बाजूला कललीं आहेत एवढेंच बदलतें. मखमलीचें तसेंच आहे. लवेचे शेंडे आपल्याकडे तोंड करून असले म्हणजे प्रकाश त्यांच्या दाटींत शिरतो, आंतल्या आंत अडकतो आणि थोडाच परत येतो; म्हणून कापड गडद व खोल दिसतें. लव आपल्यापासून दूर कललेली असली म्हणजे धाग्यांच्या कुशींवरून प्रकाश परावर्तित होतो आणि तेंच कापड उजळ, चकाकतें दिसतें. एकाच पोलक्याच्या दोन बाह्या दोन रंगांच्या दिसल्या तर रंगाऱ्याला दोष देऊं नये. शिंप्यानें एक बाही उलट्या दिशेनें बेतलेली असते.

दुसरा गुण ऊब. लवेच्या जंगलांत हवा अडकून राहते आणि अडकलेली हवा उष्णता सहजासहजीं बाहेर जाऊं देत नाहीं. थंड देशांत ही गोष्ट सोयीची. मुंबईच्या वैशाखांत मात्र मखमल अंगावर घेणें हें शौर्याचें काम आहे. तिसरा गुण असा, कीं ती प्रकाश गिळते तसा थोडाबहुत आवाजही गिळते. नाटकगृहांत जाड मखमलीचे पडदे चुण्या घालून टांगतात, तें केवळ वैभवासाठीं नव्हे. त्यांनीं बाजूंचा उजेड रोखला जातो व आवाजाचा घुमारा कमी होतो.

बाजारांत मात्र मखमलीच्या नांवाखालीं अनेक भावंडें नांदतात. जिची लव आडव्या धाग्यांची असते व विणल्यानंतर कापून काढलेली असते, ती सुती व्हेल्व्हेटीन. तिची लव आंखूड व झळाळी कमी असते. तीच लव उभ्या पट्ट्यांत कापली म्हणजे कॉर्डरॉय होतें. लव लांब ठेवली कीं तिला प्लश म्हणतात. मुलांचीं खेळण्यांतलीं अस्वलें बहुधा त्याचींच असतात.

निगेच्या दृष्टीनें याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे धागा कोणता, हा होय. जुनी भारी मखमल रेशमाची. मग सुती आली. व्हिस्कोज अथवा रेयॉन नांवाचा, लाकडाच्या लगद्यापासून काढलेला धागा इंग्लंडांत १८९२ सालच्या शोधांतून निघाला. तो रेशमासारखा झळकतो, पण ओला झाला कीं त्याची ताकद बरीच कमी होते. पॉलिएस्टरचा शोध १९४१ सालीं, तोही इंग्लंडांतच, लागला. तो चिवट आहे, धुण्यास सोपा आहे, पण अति उष्णतेनें मऊ होऊन वितळतो. धागा ओळखण्यासाठीं शिवणीच्या आंतल्या दाबांतून एक तंतु काढावा, चिमट्यांत धरून पाण्याच्या भांड्यावर ज्योतीशीं न्यावा. जळलेल्या केंसांसारखा वास आला आणि राख बोटांनीं चुरडली गेली तर रेशीम. कागद जळल्यासारखा वास व मऊ करडी राख असेल तर सुती किंवा व्हिस्कोज. वितळून काळा टणक मणी झाला तर पॉलिएस्टर. ही परीक्षा एका तंतूवरच करावी आणि मुलांच्या हातीं देऊं नये.

विकत घेतांना एक सोपी कसोटी आहे. कापड लव बाहेर ठेवून बोटावर दुमडावें. घडीच्या कडेवर तळाची जाळी डोकावूं लागली, तर लव विरळ आहे व कोपरांवर ती लवकरच टकली होणार. नंतर कापलेल्या कडेजवळची लव नखानें हलकेच ओढून पाहावी. चांगल्या विणींत प्रत्येक शेंडा तीन आडव्या धाग्यांत गुंतविलेला असतो, हलक्या विणींत एकाच धाग्यांत. दुसऱ्या प्रकारांत तो सहज हातांत येतो. शिंप्याला सांगावें कीं सर्व तुकडे एकाच दिशेनें बेत. शिवतांना मखमलीचे दोन थर एकमेकांवरून सरकतात, म्हणून आधीं हातानें कच्चे टांके घालून घ्यावेत. शिवणी जितक्या कमी तितकी मखमल अधिक शोभते.

आतां तिच्या शत्रूंची ओळख करून घेऊं. लव उभी आहे म्हणून मखमल मखमल आहे; तेव्हां जें जें लवेला आडवें पाडील तें तें तिचा शत्रु. असे तीन शत्रु आहेत: दाब, उष्णता आणि ओल. एकेकटे आले तर बहुधा निभावतें. तिघे एकत्र आले म्हणजे त्यालाच आपण इस्त्री म्हणतों.

आमच्या आप्तांकडे जांभळ्या मखमलीची, मोत्यांची झालर असलेली एक कुंची होती. तीन पिढ्यांचीं बारशीं तिनें पाहिलीं होतीं. चौथ्या पिढीच्या बारशाआधीं ती ट्रंकेंतून निघाली तेव्हां घडीच्या रेघा पडल्या होत्या, म्हणून ती एका लाँड्रींत दिली. तेथील माणसानें कसलाही आळस न करतां, चांगली पाणी शिंपडून, वजनदार इस्त्री फिरविली. कुंची परत आली ती एखाद्या ओल्या पुठ्ठ्यासारखी चपटी आणि चकचकीत. घरांतल्या वृद्ध काकूंनीं तिच्यावरून बोटें फिरविलीं आणि एवढेंच म्हटलें, "आतां हात फिरत नाहीं हो हिच्यावरून." कोणी रागावलें नाहीं. पण बारशाला बाळाच्या डोक्यावर नवी टोपी होती.

असें होऊं नये म्हणून काय करावें? मखमलीवर इस्त्री ठेवूंच नये. सुरकुती काढण्यास वाफ पुरते. वस्त्र हँगरवर टांगून ज्या न्हाणीघरांत ऊन पाण्याची वाफ कोंडली आहे तेथें दहा-पंधरा मिनिटें ठेवावें. पाण्याचे थेंब मात्र त्यावर उडूं देऊं नयेत. किंवा वाफेचें यंत्र असल्यास उलट बाजूनें, कापडास न टेकवितां, वाफ द्यावी. वाफेनें धागा सैल होतो व शेंडे पुन्हां उभे राहूं पाहतात. त्या वेळीं मऊ ब्रशानें लव उचलून द्यावी आणि पुरतें सुकेपर्यंत वस्त्रास हात लावूं नये, कारण ओलसर लवेवर बोटांचे ठसे उमटतात. शिवण बसविण्यासाठीं इस्त्री अगदींच अटळ असेल, तर खालीं दुसरा मखमलीचा तुकडा लव वर करून अंथरावा, त्यावर आपलें वस्त्र लव खालीं करून ठेवावें, म्हणजे लवेंत लव रुतून दबली जात नाहीं. तुकडा नसेल तर जाड टॉवेल चालतो. इस्त्री कोमट असावी, मध्यें फडकें असावें, आणि ती घासूं नये, उचलून अलगद टेकवावी.

आरंभीं मीं म्हटलें होतें कीं 'बिघडली कीं सुधारत नाहीं' हें अर्धेंच खरें. त्याचा उलगडा येथें होतो. रेशमाची व सुती लव नुसत्या दाबानें बसली असेल तर वाफेनें पुष्कळदां उठते. व्हिस्कोजची लव कांहीं अंशीं उठते, पण पाण्याचा डाग तिच्यावर हट्टानें राहतो. पॉलिएस्टरची लव रोजच्या वापरांत सर्वांत सोशिक. परंतु तापलेल्या इस्त्रीखालीं ती मऊ होऊन त्याच आडव्या स्थितींत थिजते, आणि मग कोणतीही वाफ तिला उठवूं शकत नाहीं.

धुळीचें म्हणाल तर ती रोजची ती रोज झटकावी. मऊ ब्रश आधीं लवेच्या दिशेनें फिरवावा. पाणी सांडलें तर झटकन् वस्त्र हलवून थेंब उडवावेत, उरलेली ओल सुती फडक्यानें टिपून घ्यावी; घासणें म्हणजे डाग पक्का करणें. तेलाच्या डागावर टाल्कम पावडर पसरून कांहीं तास ठेवावी व अलगद झाडावी. पॉलिएस्टरची मखमल, शिवणींत लावलेल्या पट्टीवर तशी सूचना असेल तर, थंड पाण्यांत हळुवार धुतां येते. रेशमी, व्हिस्कोजची आणि जरीकामाची मखमल घरीं पाण्यांत घालूं नये. ती जाणत्या ड्रायक्लीनरकडे द्यावी आणि ती कशाची आहे व तिच्यावर इस्त्री करूं नये, हें तोंडानें स्पष्ट सांगावें. केवळ चिठ्ठीवर भिस्त ठेवूं नये.

शेवटीं सांठवणीचा प्रश्न. आपल्या देशांत, विशेषतः कोंकणपट्टींत, चार महिने हवा ओली असते. म्हणून मखमल प्लॅस्टिकच्या पिशवींत कोंडूं नये. आंत दमटपणा अडकून बुरशी धरते. धुवट, बिनखळीच्या मलमलींत ती गुंडाळावी. खळ राहिली तर कसर लागते. शक्य तर रुंद खांद्याच्या, कापडानें मढविलेल्या हँगरवर टांगावी. फार जुनी किंवा जड असेल तर नळकांड्यावर मलमल गुंडाळून, तीवर लव बाहेर ठेवून सैल गुंडाळावी. घडी करणें भागच असेल, तर प्रत्येक घडींत मलमलीची वळकटी ठेवावी, वर दुसरें ओझें ठेवूं नये, आणि दर दोनतीन महिन्यांनीं घडीची जागा बदलावी. पावसाळा संपल्यावर कपडे उन्हांत घालण्याची आपली चाल चांगली आहे. मखमलीला मात्र सावलींतला वारा द्यावा, कारण कडक उन्हानें रंग उडतो व रेशीम कुजकें होतें.

डांबराच्या गोळ्यांविषयीं दोन शब्द अधिक बोललें पाहिजे. त्या कापडाला किंवा जरीला चिकटतील अशा ठेवूं नयेत, हें बहुतेकांस माहीत असतें. पण कांहीं बाळांच्या रक्तांत जी-सिक्स-पीडी नांवाचें द्रव्य जन्मतः कमी असतें, आणि अशा बाळाला त्या गोळ्यांत ठेवलेले कपडे घातल्यास रक्तांतील तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होऊं शकते. बाळाची कुंची ज्या पेटींत असेल तेथें या गोळ्या मुळींच नकोत. फडक्यांत बांधलेलें वेखंड किंवा सुकलेला कडुनिंब, आणि त्याहून उत्तम म्हणजे वरचेवर उघडून पाहणें, हें बरें. कपाट उघडणाऱ्या हाताला कसर सर्वांत जास्त भिते.

जरीकाम असेल तर एक काळजी अधिक. खऱ्या जरींत चांदी असते, आणि हवेंतील गंधकाच्या अंशानें चांदी काळवंडते. म्हणून अत्तर जरीवर लावूं नये, रबराच्या वस्तु जवळ ठेवूं नयेत, आणि चिंचेनें वा लिंबानें घासण्याचा मोह टाळावा; भांडें उजळतें, जर झिजते व मखमल डागाळते.

श्रोतेहो, हें सर्व ऐकून कोणास वाटेल, कीं एका वस्त्राचे एवढे लाड कशाला? त्यावर माझें उत्तर इतकेंच. या लाडांना वर्षाकाठीं तासभराहून अधिक वेळ लागत नाहीं. आणि आपल्या सामान्य घरांत राजवाड्यासारखे दफ्तरखाने नसतात. आपला इतिहास पोलक्यांत, टोप्यांत आणि कुंच्यांतच घडी करून ठेवलेला असतो. तेव्हां या आठवड्यांत सवड काढून ती ट्रंक उघडा, घडी बदला, उलट्या बाजूनें थोडी वाफ द्या, आणि वस्तु कोणाची, कोणत्या प्रसंगाची, हें एका कागदावर लिहून पेटींत ठेवा. मुलांना जवळ बोलावून लव कोणत्या दिशेनें झुकते तें त्यांच्या बोटांनींच पाहूं द्या. एवढें झालें, तर माझें बोलणें सार्थकीं लागलें असें मी समजेन.